वेब टीमसाठी शेअर्ड डेव्हलपमेंट सेटअप कसा करायचा? नाशिकच्या उदाहरणासह संपूर्ण माहिती

"माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" वेबसाइट बनवणाऱ्या कुठल्याही टीममध्ये हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. कोड तोच असतो, तरी एकाकडे साइट उघडते आणि दुसऱ्याकडे लाल एरर येते. मग रात्रभर व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतात आणि खरं काम बाजूलाच राहतं.

यावरचा उपाय म्हणजे शेअर्ड डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट. सोप्या मराठीत सांगायचं तर टीममधल्या प्रत्येकाला कोड लिहायला आणि चालवून बघायला मिळणारी एकसारखी जागा. भाषेचं व्हर्जन, डेटाबेस, सेटिंग्ज, चाचणीचा डेटा असं सगळं प्रत्येकाकडे सारखं. तीन ते आठ जणांच्या छोट्या टीमने हा सेटअप कसा करायचा, ते या लेखात पायरीपायरीने बघूया.

एक सूचना: कमांड आणि फाइलची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाईप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.

उदाहरण नाशिकचंच का?

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. त्यानंतरचा सिंहस्थ २०१५ मध्ये आला. त्याच्या तयारीच्या काळात मूळचे नाशिकचे असलेले, एमआयटी मीडिया लॅबमधले शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने शहरात 'कुंभथॉन' हा उपक्रम झाला. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, डॉक्टर, डिझायनर, प्रशासनातले लोक एकत्र बसून गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय अशा प्रश्नांवर तंत्रज्ञानातून उत्तरं शोधत होते. पायाखालच्या दाबावरून माणसं मोजणारी 'अशियोटो' ही चटई याच वातावरणात तयार झाली. निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा त्या टीममध्ये होता. अशियोटो म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. पुढे टीसीएसने नाशिकमध्ये 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र सुरू केलं आणि सामाजिक प्रश्नांवर काम करणाऱ्या तरुण टीमना जागा मिळाली.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. समजा, पाच जणांची एक टीम मेळ्यासाठी 'हरवले-सापडले' अशी मराठी वेबसाइट बनवते आहे. मदत केंद्रावर बसलेला स्वयंसेवक सापडलेल्या माणसाची नोंद करणार आणि घरचे लोक मोबाइलवर नाव टाकून शोधणार. सिडकोतल्या मुलाकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. नाशिकरोडच्या मुलीकडे उबुंटू आहे. एकजण नोकरीसाठी पुण्याला गेलाय, त्याच्याकडे एम-सिरीजचा मॅक आहे. बाकी दोघं कॉलेजच्या लॅबमधले पीसी वापरतात. अशा साइटवर एक नाव चुकीचं सेव्ह झालं किंवा सर्चमध्ये सापडलं नाही, तर त्याची किंमत फक्त 'बग' एवढी नसते. एखादी म्हातारी आजी केंद्रावर ताटकळत बसलेली असते आणि तिचा मुलगा रामकुंडावर तिला शोधत फिरत असतो. लेखातले पुढचे सगळे मुद्दे याच साइटला लावून बघू.

आधी ठरवा: तीनपैकी कोणता मार्ग?

१. एकच सर्व्हर, सगळ्यांचं लॉगिन. क्लाउडवर एक मशीन घ्यायचं आणि सगळ्यांनी त्यावरच काम करायचं. सुरुवातीला हे सोपं वाटतं. पण एकाने फाइल सेव्ह केली की दुसऱ्याचं पान तुटतं. एकाने डेटाबेस रिकामा केला तर पाचही जण थांबतात. कोड लिहिण्यासाठी हा मार्ग टाळा. शेवटच्या चाचणीसाठी मात्र असा एक सर्व्हर लागतोच, त्याबद्दल खाली येईल.

२. प्रत्येकाचा लॅपटॉप, पण रेसिपी एक. सगळ्या गोष्टींची यादी एका फाइलमध्ये लिहायची आणि ती वाचून प्रत्येकाच्या मशीनवर तोच सेटअप उभा राहील असं करायचं. यासाठी डॉकर हे टूल सर्वात जास्त वापरलं जातं. बहुतेक टीमसाठी हाच मार्ग योग्य आहे.

३. ब्राउझरमधला सेटअप. गिटहब कोडस्पेसेससारख्या सेवेत मशीन क्लाउडवर असतं आणि आपण ब्राउझरमधून कोड लिहितो. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोर-तास मोफत मिळतात, म्हणजे दोन कोरच्या मशीनवर ६० तास. लॅपटॉप कमजोर असेल तर उत्तम. पण नेट गेलं की काम थांबतं.

आपल्या टीमने दुसरा मार्ग मुख्य ठेवावा आणि लॅबमधल्या दोघांसाठी तिसरा जोडीला ठेवावा. रेसिपीची फाइल दोन्हीकडे चालते.

पायरी १: गिट रिपॉझिटरी आणि तिचे नियम

गिट हे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी बनवलं. गिटहब किंवा गिटलॅबवर टीमची एक रिपॉझिटरी बनवा आणि पहिल्याच दिवशी हे नियम लावा:

- 'मेन' ब्रँचवर थेट कोड टाकायला बंदी. सेटिंग्जमध्ये ब्रँच प्रोटेक्शनचा पर्याय असतो, तो सुरू करा.
- प्रत्येक कामासाठी वेगळी छोटी ब्रँच. दोन-तीन दिवसांत ती मेनमध्ये यायलाच हवी. पंधरा दिवस बाजूला पडलेली ब्रँच जोडताना घाम फुटतो.
- प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टमधून. दुसऱ्या एकाने वाचून होकार दिल्याशिवाय तो जोडायचा नाही. गिटहबच्या मोबाइल ॲपवरून हे वाचन बसमध्ये बसूनसुद्धा करता येतं.

विंडोज आणि लिनक्स एकत्र असतील तर दोन गोष्टी हमखास त्रास देतात.

पहिली म्हणजे ओळीचा शेवट. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं टाकतं, लिनक्स एकच. विंडोजवर सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्स कंटेनरमध्ये चालवली की 'फाइल सापडली नाही' अशी एरर येते, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते! उपाय: रिपॉझिटरीत 'डॉट गिटॲट्रिब्यूट्स' नावाची फाइल ठेवून स्क्रिप्टसाठी लिनक्सची पद्धत सक्तीची करा.

दुसरी म्हणजे कॅपिटल-स्मॉल अक्षरं. फोटोच्या फाइलचं नाव कॅपिटल 'आर'ने सुरू होतं आणि कोडमध्ये स्मॉल 'आर' लिहिलाय, तर विंडोज आणि मॅकवर सहसा फोटो दिसतो. लिनक्स सर्व्हरवर मात्र गायब. म्हणून फाइलची सगळी नावं स्मॉल अक्षरांतच ठेवायची, असं ठरवून टाका.

पायरी २: डॉकर म्हणजे काय आणि तो कसा बसवायचा?

डॉकर २०१३ मध्ये लोकांसमोर आला. कल्पना अशी की प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं. या बंद डब्याला 'इमेज' म्हणतात आणि तो चालू केला की 'कंटेनर'. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालवावी लागते. कंटेनर मात्र खालचं कर्नल वाटून घेतात, त्यामुळे ते हलके असतात आणि काही सेकंदांत सुरू होतात.

- उबुंटू: डॉकर इंजिन थेट बसतं. ते ओपन सोर्स आणि मोफत आहे.
- विंडोज: आधी डब्ल्यूएसएल २ सुरू करायचं, मग डॉकर डेस्कटॉप बसवायचं. प्रोजेक्टचा फोल्डर सी ड्राइव्हवर नको, डब्ल्यूएसएलच्या आतल्या लिनक्स फोल्डरमध्ये ठेवा. बाहेर ठेवला तर साइट फारच हळू चालते आणि फाइल सेव्ह केल्यावर पान आपोआप रिफ्रेश होत नाही.
- मॅक: एम-सिरीजचा प्रोसेसर एआरएम प्रकारचा आहे. इमेज निवडताना ती एआरएम आणि इंटेल दोन्हींसाठी आहे ना, हे बघा. प्रसिद्ध अधिकृत इमेज सहसा दोन्हींसाठी असतात.

डॉकर डेस्कटॉप वैयक्तिक वापरासाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि छोट्या कंपन्यांसाठी मोफत आहे. कंपनीत २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वार्षिक उत्पन्न १ कोटी डॉलरपेक्षा कमी, अशा दोन्ही अटी बसाव्या लागतात.

८ जीबी रॅम असेल तर एक सेटिंग महत्त्वाची. डब्ल्यूएसएल २ एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतं. 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइलमध्ये ही मर्यादा ३ जीबीपर्यंत खाली आणा, नाहीतर क्रोम आणि कोड एडिटर दोन्ही रडायला लागतील.

मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी एक युक्ती: इमेज सगळ्यांनी वेगवेगळ्या डाउनलोड करायची गरज नाही. एकाने कराव्यात, 'डॉकर सेव्ह' कमांडने त्यांची फाइल बनवावी आणि पेन ड्राइव्हने द्यावी. बाकीच्यांनी 'डॉकर लोड' करायचं. पेन ड्राइव्ह टीममधल्याच माणसाकडून आलेला असावा, एवढं बघा. मॅकवाल्याच्या इमेज एआरएमच्या असतील, त्या इंटेलच्या लॅपटॉपला देऊ नका.

पायरी ३: कंपोज फाइल, म्हणजे टीमची रेसिपी

आपल्या साइटला तीन कंटेनर लागतील: वेब ॲप, डेटाबेस आणि ईमेल अडवणारं एक टूल. या तिन्हींची माहिती 'कंपोज' फाइलमध्ये लिहायची आणि ती रिपॉझिटरीत ठेवायची. मग कुणीही 'डॉकर कंपोज अप' एवढी एक कमांड दिली की तिन्ही सुरू. फाइल लिहिताना या पाच गोष्टी लक्षात ठेवा:

१. व्हर्जन स्पष्ट लिहा. 'लेटेस्ट' लिहू नका. आजचं लेटेस्ट आणि तीन महिन्यांनी येणाऱ्या नव्या मेंबरचं लेटेस्ट वेगळं असतं.

२. डेटाबेसचा पत्ता. वेब कंटेनरमधून 'लोकलहोस्ट' म्हटलं तर तो स्वतःलाच शोधतो. डेटाबेसला कंपोज फाइलमध्ये जे नाव दिलंय तेच पत्ता म्हणून वापरायचं. नवशिक्यांची सर्वात जास्त अडकणारी जागा हीच.

३. वाट बघायला शिकवा. 'डिपेंड्स ऑन' लिहिलं तरी डॉकर डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याचीच वाट बघतो, डेटाबेस तयार होण्याची नाही. हेल्थचेक जोडा आणि तो पास झाल्यावरच वेब ॲप सुरू होऊ द्या.

४. डेटा व्हॉल्यूममध्ये. कंटेनर काढून टाकला तर आतला डेटाही जातो. म्हणून डेटाबेससाठी नाव दिलेला व्हॉल्यूम लावा. 'कंपोज डाउन'ला 'व्ही' हा पर्याय जोडला तर व्हॉल्यूमही पुसला जातो, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

५. ईमेल बाहेर जाऊ देऊ नका. मेलपिटसारखं टूल चाचणीतले सगळे मेल अडवून ब्राउझरमध्ये दाखवतं. "तुमची आई सापडली आहे" असा चाचणीचा मेल चुकून खऱ्या माणसाला गेला तर काय होईल, विचार करा.

पायरी ४: लायब्ररी कुलूपबंद करा

२२ मार्च २०१६ ला एका डेव्हलपरने वादातून एनपीएमवरची आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज होतं. पण त्यावर इतर असंख्य पॅकेजेस अवलंबून होती, आणि जगभरातल्या प्रोजेक्टची बिल्ड्स अचानक बंद पडली. एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं. आपला कोड अशा किती अनोळखी खांद्यांवर उभा असतो, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

म्हणून लॉक फाइल रिपॉझिटरीत टाकायचीच. तिच्यात प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन असतं. नोड वापरत असाल तर सेटअप करताना 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' वापरा. ती लॉक फाइलप्रमाणेच सामान आणते, आणि मेळ बसला नाही तर सरळ एरर देते. पीएचपीचा कंपोझर, पायथॉनची टूल्स यांच्याकडेही अशीच सोय आहे. नवी लायब्ररी घ्यायची असेल तर तिच्यासाठीही पुल रिक्वेस्ट.

पायरी ५: पासवर्ड आणि कीज

डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस सेवेची की, नकाशाची की: यातलं काहीही कोडमध्ये लिहायचं नाही. 'डॉट ईएनव्ही' नावाच्या फाइलमध्ये ठेवायचं आणि ती फाइल 'डॉट गिटइग्नोर'मध्ये टाकायची. तिच्या शेजारी 'डॉट ईएनव्ही डॉट एक्झाम्पल' ठेवा. त्यात नावं खरी आणि किमती खोट्या. म्हणजे नव्या मेंबरला कळतं की काय काय भरायचं आहे.

"आमची रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे, मग काय भीती?" असं वाटत असेल तर उबरचं उदाहरण वाचा. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या इंजिनिअर्सच्या प्रायव्हेट गिटहब रिपॉझिटरीत शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची की मिळाली आणि तिच्या मदतीने सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरली गेली.

की चुकून कमिट झालीच तर ती ओळ नंतर डिलीट करून भागत नाही. गिटच्या इतिहासात ती राहतेच. त्या सेवेच्या वेबसाइटवर जाऊन की रद्द करा आणि नवी घ्या. पासवर्ड टीममध्ये वाटायलाही व्हॉट्सॲप वापरू नका. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर बरा.

पायरी ६: डेटाबेसची रचना आणि खोटा डेटा

टेबलमध्ये कॉलम वाढवायचा तर हाताने वाढवायचा नाही. 'मायग्रेशन' फाइल लिहायची. जँगो, लारावेल, रेल्स या सगळ्यांत ही सोय आहे. बाकीच्यांनी कोड ओढून घेतला आणि मायग्रेशन चालवलं की त्यांचा डेटाबेसही तसाच होतो. दुसऱ्यांकडे पोहोचलेली मायग्रेशन फाइल नंतर बदलायची नाही. चूक सुधारायला नवी फाइल लिहा.

चाचणीसाठी 'सीड' स्क्रिप्ट बनवा: पन्नासेक खोटी नावं, खोटी गावं, खोटे नंबर. खऱ्या लोकांचा डेटा लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा मोह टाळा. हरवलेल्या माणसाचं नाव, फोटो, नातेवाइकाचा फोन नंबर पाच लॅपटॉपवर पडून राहणं धोक्याचं आहे. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही अशी माहिती सांभाळायची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो.

पायरी ७: मराठीसाठीच्या खास सेटिंग्ज

हा भाग इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही आणि आपल्या साइटचं यश यावरच आहे.

कॅरेक्टर सेट. मायएसक्यूएलच्या जुन्या व्हर्जनमध्ये काही न सांगता टेबल बनवलं तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. त्याचा 'यूटीएफ८' नावाचा जुना प्रकार फक्त तीन बाइटपर्यंतची अक्षरं घेतो. देवनागरी त्यात बसते, पण इमोजीला चार बाइट लागतात, तिथे गाडी अडते. नेहमी 'यूटीएफ८एमबी४' वापरा. मायएसक्यूएल ८ मध्ये तेच डिफॉल्ट आहे. तरी कंपोज फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेलं बरं.

लांबी. 'नाशिक' आपण तीन अक्षरं मोजतो, कॉम्प्युटर पाच मोजतो, कारण काना आणि वेलांटी वेगळी धरली जाते. 'त्र्यंबकेश्वर' १३ होतात आणि यूटीएफ-८ मध्ये ३९ बाइट घेतात. नावाच्या चौकटीला २० ची मर्यादा घातली तर पूर्ण नाव मधेच तुटेल. एसएमएसचंही तसंच: इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०.

ऱ ची गंमत. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला 'ऱ' तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पहिला प्रकार स्वतंत्र 'ऱ', दुसरा 'र' आणि त्याखाली नुक्ता, तिसरा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, पण साध्या तुलनेत तीन वेगळे शब्द ठरतात. केंद्रावरच्या स्वयंसेवकाने एका कीबोर्डवरून नोंद केली आणि मुलाने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर साइट म्हणेल 'नोंद सापडली नाही'. उपाय दोन टप्प्यांत आहे. मजकूर सेव्ह करताना आणि शोधताना आधी युनिकोडचं 'एनएफसी' नॉर्मलायझेशन करा, त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा प्रकार त्याने बदलत नाही, त्यासाठी अदृश्य चिन्हाचा प्रकार शोधून 'ऱ्' करणारी एक ओळ स्वतः लिहा. सीड डेटात तिन्ही प्रकारचे 'कऱ्हाडे' मुद्दाम ठेवा, म्हणजे कुणी पुढे ही ओळ काढली तर लगेच कळेल.

वेळ. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर चालतात, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. २०१५ मध्ये नाशिकचं पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला होतं. त्या पहाटे चार वाजता झालेली नोंद यूटीसीत २८ ऑगस्ट, रात्री साडेदहा अशी पडली असती. 'आजच्या नोंदी' बघणाऱ्याला ती दिसलीच नसती. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत साठवा, पण 'आज' ठरवताना आणि दाखवताना 'एशिया कोलकाता' टाइमझोन वापरा. सगळ्यांच्या कंटेनरमध्ये टाइमझोन सारखाच हवा.

पायरी ८: मोबाइलवर बघितल्याशिवाय काम पूर्ण नाही

ही साइट लोक फोनवरच उघडणार. लॅपटॉपवर चालू असलेली साइट फोनवर बघायला:

- लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर घ्या.
- डेव्हलपमेंट सर्व्हर 'लोकलहोस्ट'वर नाही, तर चार शून्यांच्या पत्त्यावर सुरू करा. म्हणजे तो बाहेरची कनेक्शन घेतो.
- लॅपटॉपचा आयपी पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, फोनच्या ब्राउझरमध्ये पोर्ट नंबरसकट टाका.

उघडलं नाही तर विंडोजचा फायरवॉल तपासा. कॉलेजच्या वायफायवर अनेकदा एका डिव्हाइसला दुसरं दिसत नाही. तिथे फोनचा हॉटस्पॉट लावा.

अजून एक अडचण: लोकेशन मागणारं फीचर या पद्धतीने चालणार नाही, कारण ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच देतो. अँड्रॉइड फोन असेल तर केबलने जोडा, यूएसबी डिबगिंग सुरू करा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्ट पानावरून पोर्ट फॉरवर्डिंग लावा. मग फोनवरचा लोकलहोस्ट थेट लॅपटॉपवर पोहोचतो आणि लोकेशनही मिळतं. नेट मुद्दाम हळू करून बघायला विसरू नका. मेळ्याच्या गर्दीत फोर-जी कधीही कासव होतं.

पायरी ९: स्टेजिंग, प्रॉडक्शन आणि बॅकअप

प्रत्येकाचा लॅपटॉप झाला. आता दोन सर्व्हर: 'स्टेजिंग', जिथे टीम आणि स्वयंसेवक शेवटची चाचणी करतात, आणि 'प्रॉडक्शन', जिथे खरे लोक येतात. दोन्हींचे पासवर्ड वेगळे, डेटाबेस वेगळे.

पुल रिक्वेस्ट आली की चाचण्या आपोआप चालाव्यात यासाठी गिटहब ॲक्शन्स वापरा. पब्लिक रिपॉझिटरीला ते मोफत आहे, मोफत खात्यातल्या प्रायव्हेट रिपॉझिटरीला महिन्याला २००० मिनिटं मिळतात. त्या चाचण्याही त्याच कंपोज फाइलवर चालवा.

स्टेजिंग आणि प्रॉडक्शन वेगळे ओळखू येणं किती गरजेचं आहे, ते गिटलॅबच्या गोष्टीवरून कळतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक थकलेला इंजिनिअर दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचा फोल्डर पुसायला निघाला आणि कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबी डेटापैकी थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधले, तर ठरवलेल्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. नशिबाने स्टेजिंगसाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून साइट परत उभी राहिली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही, जाहीरपणे लिहिलं. म्हणून आज आपल्याला शिकता येतं.

यातून घ्यायचे नियम:

- प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा रंग लाल ठेवा.
- तिथलं लॉगिन पाचही जणांना नको, दोघांनाच पुरे.
- बॅकअप रोज आपोआप, आणि दुसऱ्या जागी.
- महिन्यातून एकदा बॅकअपवरून डेटाबेस खरोखर उभा करून बघा. परत उभा न केलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फक्त फोन आहे, लॅपटॉप नाही. टीममध्ये काम करता येईल का? होय, काही अंशी. पुल रिक्वेस्ट वाचणं, मराठी मजकूर तपासणं, स्टेजिंगवर चाचणी करून बग नोंदवणं हे सगळं फोनवर होतं. कोडस्पेसेस फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं, पण छोट्या स्क्रीनवर कोड लिहिणं कठीण जातं.

दोघांचीच टीम आहे, एवढं सगळं कशाला? दोघांना पहिल्या दिवशी गिट, लॉक फाइल आणि 'डॉट ईएनव्ही' पुरतं. तिसरा मेंबर आला की डॉकर जोडा. खरे युजर येण्याआधी मात्र स्टेजिंग आणि बॅकअप हवेतच.

डॉकरशिवाय चालेल का? चालेल, जर सगळ्यांची ऑपरेटिंग सिस्टिम एकच असेल आणि भाषेचं व्हर्जन फाइलमध्ये लिहून ठेवलं असेल. विंडोज, मॅक आणि लिनक्स मिसळले की डॉकरचा त्रास परवडतो.

सेटअप नीट झालाय हे कसं ओळखायचं?

रिपॉझिटरीत 'रीडमी' फाइल लिहा: काय बसवायचं, कोणत्या क्रमाने, आणि अडलं तर काय बघायचं. मराठीत लिहिली तरी चालेल, टीमला समजणं महत्त्वाचं. मग टीमबाहेरच्या एखाद्या मित्राला ती फाइल आणि रिपॉझिटरी द्या. शेजारी बसा, पण तोंडाने काही सांगू नका. तो जिथे अडतो तिथे रीडमीत एक ओळ वाढवा. डाउनलोडचा वेळ सोडून तासाभरात त्याच्या लॅपटॉपवर साइट उघडली आणि 'कऱ्हाडे' शोधल्यावर तिन्ही नोंदी दिसल्या, की समजा तुमचा सेटअप झाला. मग मेळ्याच्या ऐन गर्दीत एखाद्याचा लॅपटॉप बंद पडला, तरी दुसऱ्या मशीनवर तासाभरात काम पुन्हा सुरू करता येईल.